नाईलची देवी टायबरच्या कांठीं

श्रावणांत नागपंचमी उलटल्यावर येणाऱ्या रविवारीं आपल्या खानदेशांत कानबाईची स्थापना होते. नारळाला नथ आणि दागिने घालून, पातळ नेसवून देवी चौरंगावर बसवितात. घरोघर रोट होतात. आणि सोमवारीं वाजतगाजत, बायकांच्या डोक्यावरून, ती तापीच्या, गिरणेच्या किंवा पांझरेच्या पाण्याकडे विसर्जनास निघते. जळगांव-धुळ्याच्या श्रोत्यांना हें दृश्य मीं वर्णन करून सांगावें असें नाहीं. आज मला सांगावयाचें आहे तें दुसऱ्याच एका देवीच्या मिरवणुकीविषयीं. ती मिरवणूक दर वर्षीं ५ मार्च रोजीं रोमन साम्राज्यांतील बंदरांतून निघे आणि तीही पाण्याच्या कांठींच जाऊन थांबे. देवीचें नांव आयसिस. तिचें माहेर मिसर देश, म्हणजे इजिप्त. आणि जिच्यापुढें हे रोमन लोक फुलें उधळीत चालत, तिचीं देवळें त्यांच्याच पूर्वजांनीं सरकारी हुकुमानें पुन्हा पुन्हा पाडलीं होतीं.

एवढ्या साम्यावरून कानबाईचें आणि आयसिसचें नातें जोडण्याचा उद्योग मी करणार नाहीं. नदीकांठीं किंवा समुद्राकांठीं राहणारा समाज आपल्या देवांना पाण्याकडे नेतोच. त्यासाठीं एकानें दुसऱ्याकडून शिकावें लागत नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे. एका देशाची देवता दुसऱ्या देशांत, तेथील सत्ताधाऱ्यांच्या मनांत नसतांना, घर कशी करते? आयसिसच्या रोमांतील चरित्राइतकें ह्या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचितच सांपडेल, आणि त्या उत्तराचा एक धागा आपल्या खानदेशच्या वाटेपर्यंत येऊन पोहोंचतो.

मिसरी कथेप्रमाणें आयसिस ही ओसायरिस राजाची बहीण आणि पत्नी. सेत नांवाच्या भावानें ओसायरिसाचा घात केला आणि त्याच्या देहाचे तुकडे करून देशभर फेंकून दिले. आयसिस रडत, भटकत एकेक तुकडा वेंचीत हिंडली. तिनें तो देह पुन्हा सांधला, आणि होरस नांवाच्या आपल्या मुलाला शत्रूपासून लपवून वाढविलें. मांडीवर मूल घेऊन बसलेली ही माता रोमन लोकांना ठाऊक होण्यापूर्वीं दोन हजारांहून अधिक वर्षें नाईलच्या खोऱ्यांत पूजिली जात होती. पुढें शिकंदराच्या मागून मिसरांत ग्रीक राजघराणें आलें. त्या काळांत तिनें ग्रीक वेष घेतला, ग्रीक भाषेंत तिच्या आरत्या झाल्या, सेरापिस हा नवा देव तिच्या शेजारीं बसला, आणि आलेक्झांड्रियाच्या खलाशांनीं तिला समुद्राची स्वामिनी केलें. नवरा गमावलेली, मूल जपणारी आणि वादळांत हांकेला येणारी अशी ही देवी होती. तिच्या पूजेला एका राज्याचें किंवा एका जातीचें कुंपण राहिलें नव्हतें.

ती इटलींत आली ती सैन्याबरोबर नव्हे, बाजाराबरोबर. एजियन समुद्रांतील डीलॉस हें बेट इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत मोठी पेठ होतें. गुलामांचा व्यापार तर तेथें एवढा चाले कीं, एका दिवसांत दहा दहा हजार माणसें उतरवून विकतां येत, असें स्ट्रेबो लिहितो. तेथें इटलीचे व्यापारी मिसरी आणि सीरियन लोकांच्या शेजारीं वर्षानुवर्षें रहात, आणि त्याच बेटावर आयसिसचें आणि सेरापिसचें देऊळ होतें. हे व्यापारी आणि त्यांनीं विकत घेतलेले दास इटलीच्या किनाऱ्यावर परतले तेव्हां देवीही परतली. नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरांत इ. स. पूर्वीं १०५ मध्यें सेरापिसचें देऊळ उभें होतें असें तेथील एका शिलालेखावरून दिसतें. शेजारच्या पाँपेई गांवांतील आयसिसचें देऊळही जवळजवळ त्याच काळचें. तेथून रोम कितीसें दूर?

रोमांत मात्र गांठ सेनेटशीं पडली. इ. स. पूर्वीं ५८ पासून ४८ पर्यंतच्या दहा वर्षांत आयसिसच्या वेद्या व देवळें पाडण्याचे हुकूम चार वेळां निघाले. चार वेळां पाडावीं लागलीं, ह्याचा अर्थच असा कीं, तितक्याच वेळां कोणी तरी तीं पुन्हा उभीं केलीं. अशाच एका प्रसंगाची हकीकत व्हॅलेरियस मॅक्सिमस ह्या ग्रंथकारानें दिली आहे. देऊळ पाडण्याचा ठराव झाला. पण कामावर आणलेल्या मजुरांपैकीं एकही जण देवळाला हात लावीना. तेव्हां कॉन्सल एमिलियस पॉलस ह्यानें आपला अधिकाराचा झगा उतरवून ठेवला, स्वतःच्या हातांत कुऱ्हाड घेतली आणि पहिला घाव देवळाच्या दारावर घातला. ग्रंथकारानें ही गोष्ट कॉन्सलच्या करारीपणाचें उदाहरण म्हणून सांगितली आहे. मला मात्र तिच्यांत ते न हललेले मजूर अधिक महत्त्वाचे वाटतात. त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. पण देवीनें तोंपर्यंत कोणाच्या मनांत घर केलें होतें, ह्याचा त्यांच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाहीं.

परकी देवता म्हणून रोमन लोक तिला भ्याले असें म्हणावें, तर तेंही खरें नव्हे. हानिबालाशीं युद्ध चाललें असतां, इ. स. पूर्वीं २०४ मध्यें, त्यांनींच आशिया मायनरमधून 'महामाता' म्हणून प्रसिद्ध असलेली देवी एका काळ्या दगडाच्या रूपानें जहाजांतून आणविली होती. ती सरकारी ठरावानें आली, मोठमोठ्या घराण्यांतील लोक तिला सामोरे गेले, आणि तिचे पुजारी सरकारच्या देखरेखीखालीं राहिले. आयसिसला कोणी बोलाविलें नव्हतें. तिचे पुजारी सेनेटच्या घराण्यांतले नव्हते, आणि तिच्या देवळांत दास, दास्यांतून सुटलेलीं माणसें, स्त्रिया आणि परगांवचे व्यापारी अशीं सगळीं एकाच रांगेंत उभीं रहात. यादवीच्या त्या धामधुमींत असा कोणताही जमाव सत्ताधाऱ्यांना संशयास्पद वाटे. बिनपरवाना आलेल्या पाहुणीविषयीं सरकारांचें मत सहसा चांगलें नसतें.

पुढचा इतिहास चढउतारांचा आहे. तो थोडक्यांत सांगतों. सीझरच्या खुनानंतर, इ. स. पूर्वीं ४३ मध्यें, सत्ता हातीं घेतलेल्या तिघा सरदारांनीं आयसिस व सेरापिस ह्यांचें देऊळ बांधण्याचा ठराव केला; लोकांची मर्जी संपादण्याची निकड त्यांना होती. पण लवकरच त्यांच्यांतल्या अँटनीनें क्लिओपात्रेचा पक्ष धरला, आणि ही राणी तर स्वतःस नवी आयसिस म्हणवून घेई. इ. स. पूर्वीं ३१ मध्यें ॲक्टियमच्या लढाईंत दोघांचा मोड झाला. ऑगस्टसनें इ. स. पूर्वीं २८ मध्यें मिसरी पूजाविधींना नगराच्या पवित्र सीमेच्या आंत बंदी केली. सात वर्षांनीं अग्रिप्पानें ती बंदी सीमेबाहेर सुमारें मैलभर वाढविली. टायबेरियसच्या कारकीर्दींत, इ. स. १९ मध्यें, सर्वांत मोठा आघात झाला. एका कुलीन स्त्रीला फसविण्यासाठीं एका तरुणानें पुजाऱ्यांना लांच चारून देवाचें सोंग घेतलें, असें जोसीफस सांगतो. बादशहानें पुजाऱ्यांना क्रुसावर चढविलें, देऊळ जमीनदोस्त केलें आणि मूर्ति टायबर नदींत फेंकविली. त्याच वर्षीं दास्यांतून सुटलेल्या वर्गांतील चार हजार जणांना, मिसरी आणि यहुदी आचारांचा संसर्ग झाला म्हणून, सार्डिनिया बेटावर धाडण्यांत आलें, अशी नोंद टॅसिटसनें केली आहे. एका लबाड तरुणाच्या अपराधासाठीं एवढ्या मोठ्या देवळाचा पाया खणून निघाला. स्वतः त्या तरुणाला मात्र केवळ हद्दपारी झाली!

आणि ह्यानंतर पुरतीं पंचावन्न वर्षेंही लोटलीं नसतील, तों इ. स. ७१ मध्यें व्हेस्पेसियन बादशहा आणि त्याचा पुत्र टायटस हे विजयोत्सवाच्या आदल्या रात्रीं मुक्कामास राहिले ते रोमांतील आयसिसच्या देवळाजवळ. व्हेस्पेसियनच्या नांवाची द्वाही प्रथम आलेक्झांड्रियांत फिरली होती. त्याचा धाकटा मुलगा डोमिशियन यादवींत जीव वांचवून पळाला तो आयसिसच्या भक्तांच्या वेषांत. रोमच्या पोटाला लागणारें धान्य मिसरांतून येई, तें आणणारीं जहाजें ह्याच देवीच्या नांवानें समुद्रांत लोटलीं जात. ल्यूशियन ह्या लेखकानें वर्णिलेल्या एका अवाढव्य धान्यवाहू जहाजाचें नांवच मुळीं 'आयसिस' आहे. ज्या देवीवांचून भाकरी वेळेवर पोहोंचत नाहीं तिच्याशीं बादशहांनीं किती दिवस भांडावें? पुढें तिचीं देवळें थेट ऱ्हाईन नदीवरील माइंझपर्यंत गेलीं, आणि लंडनमध्यें सांपडलेल्या एका मातीच्या सुरईवर तेथील आयसिसच्या देवळाचा पत्ता कोरलेला आहे.

परंतु बादशहांच्या कृपेनें देवी मोठी झाली, असें मानणें म्हणजे घोड्यापुढें गाडी बांधणें होय. तिचें खरें बळ पहावयाचें तर पाँपेईंत जावें लागतें. इ. स. ६२ मध्यें तेथें मोठा भूकंप झाला. गांवचीं बहुतेक मोठीं देवळें पडलीं. सतरा वर्षांनीं व्हेसूव्हियस पर्वत फुटून सारें गांव राखेखालीं गाडलें गेलें, तेव्हां राजदेवता ज्यूपिटरचें देऊळसुद्धां अद्याप मोडकळीसच होतें. आयसिसचें देऊळ मात्र पायापासून पुन्हा बांधून पुरें झालें होतें. इ. स. १७६४ मध्यें तें उकरून काढण्यांत आलें, तेव्हां दारावरचा लेख मिळाला. त्यांत म्हटलें आहे कीं, हें देऊळ न्यूमेरियस पोपिडियस सेल्सिनस ह्यानें स्वखर्चानें बांधलें, आणि ह्या औदार्याबद्दल नगरसभेनें त्याला फी न घेतां आपला सभासद करून घेतलें. त्या वेळीं ह्या दात्याचें वय होतें सहा वर्षें!

ह्यांतलें गूढ साधें आहे. मुलाचा बाप पोपिडियस अँप्लियेटस हा दास्यांतून मुक्त झालेला होता. त्याच्याजवळ पैसा होता, पण कायद्यानें त्याला नगरसभेचें दार कायमचें बंद होतें. मुलगा मात्र स्वतंत्र म्हणून जन्मला होता. बापानें मुलाच्या नांवानें देऊळ बांधलें, आणि आपल्याला न मिळालेली खुर्ची त्या बालकाला मिळवून दिली. त्यानें गांवांतील प्रतिष्ठितांच्या देवांपैकीं एखादें देऊळ कां निवडलें नाहीं? कारण त्या देवळांचे मानकरी पिढीजात ठरलेले होते. आयसिसच्या दारांत तो मान पोपिडियसासारख्याला मिळूं शके, आणि तिच्या कृपेनें मिळालेली प्रतिष्ठा मग सगळ्या गांवाला मान्य करावी लागे.

तिच्या देवळाची रीतही निराळी होती. रोमन देवळें एरव्हीं बंद असावयाचीं. बळी बाहेर, अंगणांतील वेदीवर द्यावयाचा, आणि भक्तानें आंत जाऊन देवाला भेटण्याचा प्रसंग क्वचित्. आयसिसचें देऊळ रोज पहांटे उघडे. पुजारी पडदा बाजूस सारी, देवीला जागवी, भक्त समोर उभे राहून तिचें मुख पहात. दुपारीं पुन्हा पूजा होऊन दार लागे. आपल्याकडील काकडआरतीला जाणाऱ्या माणसाला ह्यांत नवल वाटणार नाहीं. रोमन माणसाला मात्र तें नवल होतें. पुजारी डोकें तासलेले, जवसाच्या सुताचीं पांढरीं वस्त्रें नेसलेले. हातांत सिस्ट्रम नांवाचें, खुळखुळ्यासारखें वाजणारें धातूचें वाद्य. पाँपेईच्या देवळांत जमिनीखालीं उतरणारी एक लहानशी कोठडी आहे. तेथें नाईलचें म्हणून पवित्र जल ठेवीत असावेत असें समजतात. मेरोईपर्यंत, म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाला, चालत जाऊन देवळांत शिंपडण्यासाठीं पाणी आणावयास निघालेल्या रोमन बायकांची ज्युव्हिनल कवीनें टर उडविली आहे. काशीची गंगा रामेश्वराला नेऊन घालणाऱ्या यात्रेकरूंची परंपरा ज्यांच्या घरांत आहे, त्यांना ती टर कितपत रुचेल?

५ मार्चच्या मिरवणुकीचें वर्णन अपुलियसनें आपल्या कादंबरीच्या अखेरच्या भागांत केलें आहे, आणि तो स्वतः ह्या पंथांतला असावा इतकें तें आंतल्या माणसाचें आहे. हिंवाळ्यांत बंद असलेलें दर्यावर्दी दळणवळण त्या दिवशीं सुरू होई. पुढें नानाविध सोंगें. मागें फुलें उधळणाऱ्या बायका. कांहींजणींच्या पाठीवर आरसे उलटे बांधलेले, कीं मागून येणाऱ्या देवीला समोरून येणारे भक्त दिसावेत. कांहीं जणी हस्तिदंती फण्या घेऊन देवीचे केंस विंचरल्याचा अभिनय करीत. मग दिवे, बांसऱ्या, दीक्षा घेतलेले स्त्रीपुरुष, आणि शेवटीं देवता. किनाऱ्यावर एक नवें, रंगविलेलें जहाज सुगंधी द्रव्यांनीं भरून, कोणी खलाशी न बसवितां, समुद्रांत सोडून देत. तें दिसेनासें होईपर्यंत लोक पहात उभे रहात.

आतां त्या धाग्याकडे वळतों. ह्याच पाँपेई गांवांत १९३८ मध्यें उत्खनन करीत असतां मायूरी ह्या इटालियन संशोधकाला एका घरांत एक हस्तिदंती पुतळी मिळाली. उंची सुमारें चोवीस सेंटिमीटर. अंगावर ठसठशीत दागिने, दोन्ही बाजूंस दोन लहान दासी. पुतळी निःसंशय हिंदुस्थानची. प्रथम तिला लक्ष्मी म्हणण्यांत आलें. आतां बहुतेक जण तिला यक्षी मानतात. तिच्या जवळच्या नात्यांतल्या पुतळ्या मिळाल्या आहेत त्या मराठवाड्यांतील तेर येथें आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे भोकरदनला. एका ग्रीक दर्यावर्दीनें पहिल्या शतकांत लिहिलेल्या प्रवासवृत्तांताप्रमाणें भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे हेंच तेर. भडोचकडून पैठणला जाणाऱ्याला तापीचें खोरें ओलांडून सातमाळ्याचा किंवा अजिंठ्याचा डोंगर चढावा लागे. चाळीसगांवच्या माथ्यावरील पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या गंधिक कुळांतील मितदेवानें दिलेल्या खांबाचा लेख आजही आहे. पाँपेईला पोहोंचलेली पुतळी नेमकी कोणत्या घाटानें उतरली हें सांगतां येणार नाहीं. पण असला माल ज्या वाटांनीं समुद्राला मिळे, त्या वाटा आपल्या खानदेशांतून जात. पुढें तांबडा समुद्र, मिसरचें वाळवंट, नाईल, आलेक्झांड्रिया आणि पुतेओली.

म्हणजे एकाच गांवांत दोन परदेशी स्त्रीमूर्ति होत्या, आणि दोघीही आल्या मिसरच्याच मार्गानें. एकीचें देऊळ झालें. दुसरी एखाद्या चौरंगाचा पाय किंवा आरशाची मूठ होऊन राहिली. तिच्या डोक्यांत वरून खाली भोंक पाडलेलें आहे. हा भेद देवींच्या सामर्थ्याचा नव्हे. पुतळी गांठोड्यांतून एकटी आली. ती आपल्या घरीं कोण होती, तिच्यापुढें काय म्हणावयाचें, कोणत्या दिवशीं काय रांधावयाचें, हें सांगणारी एकही बाई तिच्याबरोबर पाँपेईंत उतरली नाहीं. आयसिसबरोबर मात्र हीं माणसें होतीं: डीलॉसचे व्यापारी, आलेक्झांड्रियाचे खलाशी, बाजारांत विकल्या गेलेल्या आया आणि दाया. देव माणसांच्या सोबतीनें गांव बदलतात. गेल्या कांहीं दशकांत खानदेशांतून असंख्य कुटुंबें पोटासाठीं सुरतेस गेलीं. मालाची ती जुनी वाट जिकडे जाई, तिकडेच. आतां श्रावणांत तेथल्या वस्त्यांतूनही कानबाई निघते आणि तापीलाच जाऊन मिळते, फक्त समुद्राच्या अंगाला. नुसता नथ घातलेला नारळ कोणी सुरतेच्या दुकानांत विकावयास ठेवला असता, तर त्याचें काय झालें असतें हें सांगणें नको.

एक मौजेची गोष्ट जातां जातां सांगतों. मिसरांतील ऑक्सिरिंकस येथें सांपडलेल्या, दुसऱ्या शतकाच्या आरंभींच्या एका ग्रीक पपायरसावर आयसिसची मोठी स्तुति आहे. कोणकोणत्या गांवांत व देशांत तिला काय म्हणतात, ह्याची लांबलचक यादी तींत आहे, आणि तींत हिंदी लोकांचाही उल्लेख येतो: त्यांच्यांत तिला 'माइया' म्हणतात. अहिराणी बोलणाऱ्याला येथें चटकन् 'माय' आठवेल, कोणाला 'माया' आठवेल. पण माइया हें एका ग्रीक देवीचेंही नांव आहे. तेव्हां एका शब्दाच्या खुंटीवर फार मोठें गांठोडें टांगूं नये हें बरें. भक्ताच्या समजुतीनें आपली देवी हिंदुस्थानांतही होतीच, एवढें त्या कागदावरून निश्चित होतें.

आणि हिंदी माणसें तिच्या दारीं गेलीं होतीं, ह्याचा पुरावा आतां वाळूंतून वर आला आहे. तांबड्या समुद्रावर बेरेनिकी नांवाचें बंदर होतें; हिंदुस्थानचा माल तेथें उतरे. सातवाहनांचीं नाणींही तेथें मिळालीं आहेत. त्या बंदरांत आयसिसचें देऊळ होतें, आणि २०२२ मध्यें त्या देवळाच्या पुढच्या अंगणांत बुद्धाची एक संगमरवरी मूर्ति सांपडली: उंची एकाहत्तर सेंटिमीटर, मस्तकामागें प्रभावळ, बाजूला कमळ. दगड भूमध्य समुद्राच्या बाजूचा असून मूर्ति मिसरांतच घडविली असावी, असें संशोधकांचें मत आहे. बेरेनिकी येथेंच एका पाषाणपट्टावर तिघांच्या आकृति मिळाल्या. त्यांत वासुदेव, संकर्षण आणि एकानंशा देवी ओळखण्यांत आलीं आहेत. त्याच देवळांत एक संस्कृत लेखही मिळाला आहे. रोमन बादशहा फिलिप ह्याच्या सहाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. २४८ मध्यें, वासुल नांवाच्या एका क्षत्रियानें तेथें मूर्तीचें दान केलें. सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठीं तें केलें, असें त्यानें लिहविलें आहे. जिच्या दारावर एके काळीं रोमच्या कॉन्सलनें कुऱ्हाड चालविली, त्या देवीच्या पुजाऱ्यांनीं ह्या दूरदेशच्या माणसाला आपल्या आवारांत जागा दिली. लेख संस्कृतांत आहे, आणि बंदरांतल्या लोकांनाही वाचतां यावा म्हणून ग्रीक भाषेंतही.